चौदा नंबरची बाटली

कुणाच्या पोटात काय चाललं आहे हे त्या हॉस्पिटलात डॉक्टरांच्या आधी मावशीला कळत असे. यात फुशारकी नाही. तिसऱ्या मजल्यावरचे चारही संडास गेली सव्वीस वर्षं तिच्याकडे होते. माणूस आत जाताना कसा जातो, किती वेळ लावतो, बाहेर येताना भिंतीचा आधार घेतो की नाही, एवढ्यावरून ती जे सांगायची ते दोन दिवसांनी तपासणीच्या कागदावर छापून यायचं. शिकाऊ डॉक्टर तिला चेष्टेनं "मोठ्या मॅडम" म्हणायचे. चेष्टा तिला कळायची, तरी आतून थोडं खरंही वाटायचं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. अवगुणांवर माणसाचा डोळा तरी असतो; जो गुण डोक्यावर चढून बसलेला असतो त्याच्याकडे कोण बघतं? मावशीनंही बघितलं नाही.

हॉस्पिटलभर ती मावशी, घरी मात्र ताई, तीही एकाच माणसाची. धाकटा भाऊ तिच्याहून दहा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, आणि तेव्हापासून त्याची आई, बाप आणि वेळ पडली तर फौजदारही तीच. लग्न दोघांनीही केलं नाही. तिला सवड झाली नाही, आणि त्याला पसंत पडलेली एकही मुलगी तिला पसंत पडली नाही. दोन खोल्या, दोन खाटा, आणि घरात असेपर्यंत एकमेकांवर खेकसणं, असं त्यांचं चव्वेचाळीस वर्षं चाललं होतं. तिचा जीव मात्र त्याच्यात होता.

धाकट्याचा धंदा धार लावण्याचा. चाकाची गाडी ढकलत गल्लोगल्ली जायचं, घंटी वाजवायची, आणि सुऱ्या-कात्र्या जमल्या की उजव्या पायानं पॅडल मारत दगड फिरवायचा. हातापेक्षा पायाचाच धंदा म्हणा. अंगात साखर होती, ओठात सिगरेट होती, आणि ताईचं ऐकायचं नाही हा नियम होता. वर्षभरापूर्वी त्याची उजवी पोटरी धरायला लागली. शंभर पावलं चाललं की पिळून काढल्यासारखी दुखायची, थांबलं की बरी. तो थांबायचा आणि घंटी वाजवायचा, म्हणजे लोकांना वाटावं गिऱ्हाइकासाठीच थांबलाय. एकदा ताई ड्यूटी संपवून येत होती, तर धाकटा एका बंद गोदामासमोर उभा राहून घंटी वाजवतोय. आसपास घर नाही, दुकान नाही. बंद गोदामाला सुरी लागत नाही एवढं तिलाही कळत होतं. तिनं दुसऱ्या दिवशी त्याला बखोटीला धरून डॉक्टरबाईंसमोर नेऊन बसवलं.

डॉक्टरबाई नसांच्या. वयानं लहान, बोलायला सरळ. मांडीतली नस दोन ठिकाणी चिंचोळी झालेली त्यांनी पडद्यावर दाखवली आणि आठवड्याच्या आत फुगा घातला. बारीक नळीवरून मिटलेला फुगा आत न्यायचा, अडलेल्या जागी फुगवायचा, वाट मोकळी झाली की काढून घ्यायचा. धाकट्याचा पाय त्याच संध्याकाळी गरम झाला. ताईनं त्याच्या तळव्याला गाल लावून पाहिला, तेव्हा तो ओरडला, "अगं, माणसं बघताहेत. लाज सोडलीस का?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई खाटेशी स्टूल ओढून बसल्या.

"वाट उघडली, पण खुशीत येऊ नका," त्या म्हणाल्या. "फुगा फुगतो तेव्हा नसेला आतून खरचटतं. खरचटलं की सूज येते. सूज आली की शरीर डागडुजीला धावतं, आणि ती डागडुजी इतकी करतं की सहा-आठ महिन्यांत वाट पुन्हा बुजते. सगळ्यांची नाही, पण बऱ्याच जणांची."

"म्हणजे बरं होता होताच बिघडायचं?" धाकट्यानं विचारलं.

"तसंच. म्हणून आम्ही एका गोळीचा अभ्यास करतोय. आतली सूज उतरवणारी गोळी. सूज उतरली तर वाट उघडी राहील असं आम्हाला वाटतं, पण अजून सिद्ध झालेलं नाही. अर्ध्या पेशंटांना खरी गोळी मिळेल, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी. सहा महिने. कुणाला कुठली ते तुम्हाला कळणार नाही, मलाही नाही. नंबरांची पाकिटं सीलबंद आहेत."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," धाकटा म्हणाला आणि सही करून मोकळा झाला.

सिस्टरनं कागद मोठ्यानं वाचून दाखवला होता. पानभर मजकूर होता, पण ताईच्या कानात त्यातलं एकच वाक्य राहिलं: खऱ्या गोळीनं काही जणांचं पोट बिघडू शकतं. पोटाचं नाव निघालं तसं तिला वाटलं, आता गाठ माझ्याशी आहे.

धाकट्याला चौदा नंबरची बाटली मिळाली. रोज सकाळी आठ वाजता ताई स्वतः गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवायची, वर पाण्याचा पेला द्यायची, आणि तो गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. मग तो संडासात गेला की दाराबाहेर उभी.

"झालं का? कसं झालं?"

"ताई, अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे मी. निदान एवढ्या एका खोलीत तरी मला एकट्याला राहू दे."

"पातळ झालं का ते सांग."

"नाही झालं. माफ कर."

महिनाभर नाही झालं. धाकट्याचं पोट जात्याच भक्कम, पचायला दगड दिला तरी कुरकुर न करणारं. पण ताईला ते सुचलं नाही. तिला एवढंच दिसलं की पोट बिघडत नाही, म्हणजे गोळी खोटी. ज्याच्यासाठी जन्म घालवला त्याच्या वाट्याला नुसतं भरताड आलंय. तिला रात्रंदिवस तेच दिसायला लागलं. झाडू मारता मारता ती मनातल्या मनात ती नस बघायची, आणि ती रोज थोडी थोडी मिटत असायची.

त्याच महिन्यात दर सोमवारी अभ्यासातले पेशंट रक्त द्यायला तिसऱ्या मजल्यावर यायचे. त्यांत एक गृहस्थ होते, वाचनालयातून निवृत्त झालेले, किडकिडीत, जाड भिंगांचे. मावशी मनात त्यांना चष्मेवाले म्हणायची. त्यांच्याही मांडीत फुगा घातलेला. पहिल्या सोमवारी ते दुपारपर्यंत तीनदा संडासात गेले. दुसऱ्या सोमवारी चारदा. दर वेळी बाहेर येताना, "माफ करा हं मावशी, तुम्हाला त्रास," असं म्हणायचे. तिसऱ्या सोमवारी हात धुताना त्यांचं कार्ड खिशातून खाली पडलं. मावशीनं उचलून दिलं आणि देता देता नंबर वाचला. बावीस.

चौथ्या सोमवारीही चष्मेवाले पोट धरूनच आले. आता मावशीला शंका उरली नाही.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तळघरातल्या औषधांच्या खोलीतून नव्या बाटल्यांचा ट्रे वर यायचा. तो आणायचं काम मावशीचं. सव्वीस वर्षांत तिच्या हातून साधी थर्मामीटरची नळी फुटली नव्हती, तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवावं असं कुणाच्या मनात येणं शक्यच नव्हतं. त्या शनिवारी लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबवून ती चादरींच्या खोलीत शिरली आणि आतून कडी लावली. बाटल्या पांढऱ्या, झाकणं फिरकीची, फरक काय तो नंबराचा. चौदा नंबरच्या गोळ्या तिनं एका चादरीवर ओतल्या, बावीसच्या दुसरीवर. मग यांच्या त्यांत आणि त्यांच्या यांत. दोन मिनिटांचं काम. झाकणं लावताना एक गोळी खाली पडून कपाटाखाली गेली. ती तिनं पालथं पडून काढली, पदरानं पुसली, आणि धाकट्याच्या बाटलीत टाकली.

चोरी करणाऱ्याकडे कारण तयार नसतं असं कधी होत नाही. मावशीकडेही होतं. चष्मेवाल्यांना काय, खुर्चीत बसून वाचायचं. त्यांचा पाय थोडा दुखला तर दुखला. धाकट्याचं पोटच पायावर. पाय कुणाला जास्त लागतो? हा प्रश्न ती स्वतःला दिवसातून दहादा विचारायची, आणि दहाही वेळा उत्तर तेच यायचं. पण उत्तर एवढं पक्कं होतं तर दहादा विचारायची काय गरज होती, हे तिला कुणी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यांत तिनं तेच केलं. एकूण पाच बाटल्या.  सोमवारी ती चष्मेवाल्यांसाठी संडासाजवळची खुर्ची पुसून ठेवायची, नवा साबण काढायची, त्यांच्या बायकोला आपला स्वतःचा चहा द्यायची. चष्मेवाले बायकोला म्हणायचे, "या हॉस्पिटलात मावशींसारखं दुसरं माणूस नाही." मावशी बादली उचलून लांब जायची आणि नळ सोडून उभी राहायची.

आता एक गोष्ट. खरी गोळी सुरू झाली असं ती समजत होती, तरी धाकट्याचं पोट काही बिघडलं नाही. तेव्हा तिनं स्वतःची समजूत काढली: दगडाचं पोट, त्याला काय होणार? बरोबरच होतं. हाच विचार तिनं महिनाभर आधी केला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

चौथ्या महिन्यात घंटी पुन्हा ऐकू यायला लागली. ताई स्वयंपाक करत होती आणि घंटी गल्लीच्या तोंडाशी वाजत होती, थांबत होती, पुन्हा वाजत होती, पण पुढे सरकत नव्हती. ती हातातलं टाकून बाहेर धावली. धाकटा गाडीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "गिऱ्हाईक येईल असं वाटलं." तिनं गाडी स्वतः ढकलत घरी आणली आणि तो मागून दर वीस पावलांवर थांबत आला.

डॉक्टरबाईंनी यंत्र लावून पाहिलं. उघडलेली वाट निम्म्याहून जास्त बुजली होती. रक्ताच्या तपासणीत कळणारी सूजही चढलेली. "पुन्हा फुगा घालावा लागेल," त्या म्हणाल्या. "गोळ्या मात्र वेळेवर घ्या, चुकवू नका."

"चुकवतोय कुठे? ही चुकवू देते होय?" धाकट्यानं ताईकडे बोट केलं.

एक दिवस तो खरंच कंटाळला होता. तोंड कडू झालंय, आजची गोळी राहू दे म्हणाला. ताई त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि रडायला लागली. तिला रडताना त्यानं क्वचितच पाहिलेलं. त्यानं मुकाट्यानं हात पुढे केला.

पुन्हा फुगा घालायची तारीख पडली होती. तिच्या पाच दिवस आधी, सहावी बाटली संपत आली असताना, चिंचोळ्या जागेत रक्ताची गुठळी अडकली. सकाळी धाकटा उठला तर पाय पांढरा आणि गार. दुपारी बोटं निळी. डॉक्टरबाईंनी तीन तास खटपट केली. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी बोटं काळी पडली आणि काळेपणा वर सरकायला लागला, तेव्हा त्यांनी ताईला बाजूला घेतलं. ताईनंच सही केली. पाय गुडघ्याखाली काढला. ऑपरेशन चालू असताना तिला कुणी काम सांगितलं नव्हतं, तरी तिनं बाहेरचा सगळा व्हरांडा दोनदा पुसला.

शुद्धीवर आल्यावर धाकट्यानं चादरीखाली हात घातला, चाचपून पाहिलं. मग म्हणाला, "डाव्या पायानं पॅडल मारायला शिकेन. दगड उलटा फिरेल, एवढंच." ताईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आतून ती मोडली होती, पण तोपर्यंत तिला वाटत होतं की आपण होतं नव्हतं ते केलं. खरी गोळी दिली, दुसऱ्याच्या तोंडची काढून दिली, आणि तरीही नशिबानं दगा दिला. दुःख होतं, पण त्यात लाज नव्हती. लाज पुढच्या सोमवारी आली.

त्या सोमवारी चष्मेवाले सहा महिन्यांच्या शेवटच्या तपासणीला आले होते. पाय उत्तम, नस उघडी. ते संडासात गेले आणि त्यांच्या बायकोनं मावशीजवळ गाऱ्हाणं सुरू केलं.

"सुटलो बाई एकदाचे. हॉस्पिटलचं नाव काढलं की यांच्या पोटात गडबड. पहिल्यापासूनच तसे. परीक्षेला तसे, मुलाखतीला तसे. आमच्या लग्नात सगळे खोळंबले आणि नवरा मुलगा संडासात!"

मावशी पुसता पुसता थांबली. "म्हणजे गोळीनं नाही?"

"छे हो. पहिला महिना घरी अगदी ठणठणीत होते. नुसत्या सोमवारच्या फेऱ्या. घरी सुरू झालं ते दुसऱ्या महिन्यापासून, मग मात्र रोजचंच. पण डॉक्टर म्हणाल्या चालायचंच."

दुसऱ्या महिन्यापासून. मावशीनं बादली खाली ठेवली.  चष्मेवाले बाहेर आले, हात पुसत म्हणाले, "मावशी, तुमचे उपकार विसरणार नाही."  इतके महिने तिला वाटत होतं की या माणसाला आपण लुटलं. खरं तर भावाच्या तोंडचं काढून याला भरवलं होतं.

तरी अजून खात्री नव्हती. बुडत्याला काडीचा आधार, तसा तिला त्या सीलबंद पाकिटाचा आधार होता. आत खोटी असं लिहिलेलं निघालं तर ती सुटणार होती.

पाकीट गुरुवारी उघडलं. धाकट्याच्या डाव्या पायाची नसही चिंचोळी झाल्याचं तपासणीत दिसलं होतं आणि आदल्या दिवशी तिथेही फुगा घातला होता. आता पुढे काय द्यायचं हे ठरवायला आधी काय दिलं होतं ते कळायला हवं होतं. डॉक्टरबाईंच्या खोलीत धाकटा चाकाच्या खुर्चीत बसला होता, सिस्टर कपाटाशी उभी होती, आणि ताई खुर्चीच्या दांड्या धरून मागे. डॉक्टरबाईंनी पाकीट कापलं, चिठ्ठी वाचली आणि एक सुस्कारा सोडला.

"खरी गोळी होती," त्या म्हणाल्या. "हे बघा." त्यांनी कागद टेबलावर फिरवून ठेवला. त्यावर एक रेघ होती, पहिल्या महिन्यात खाली खाली आलेली, आणि मग वर चढत गेलेली. "ही तुमच्या रक्तातली सूज. पहिल्या महिन्यात गोळीनं निम्म्यावर आणली. इतकी सुंदर उतरली होती! आणि दुसऱ्या महिन्यापासून बघा. तुमच्या शरीरानं औषधाला दाद देणंच सोडलं. असं का, ते मला सांगता येत नाही."

ताईला सांगता येत होतं. रेघ जिथे वळली होती तो शनिवार तिला माहीत होता.

"तेव्हा डाव्या पायासाठी ही गोळी मी देणार नाही," डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या. "जिचा उपयोग नाही ती देऊन उगाच शरीराला त्रास कशाला?"

"नकोच ती," धाकटा म्हणाला. "पण मग डावा टिकेल कशावर?"

"रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. साखर सांभाळा, सिगरेट सोडा. आणि बघू."

'बघू' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी कधी येतो ते सव्वीस वर्षांत मावशीनं पुरतं ओळखलं होतं. तिच्या समोर दोन गोष्टी होत्या आणि तिसरी नव्हती. गप्प बसलं तर नोकरी राहील, भाऊ राहील, आणि त्याचा डावा पाय औषधावाचून राहील. बोललं तर पायाला औषध मिळेल. बाकीचं काय होईल ते तिला दिसत होतं आणि त्याची तिला पायापेक्षाही जास्त भीती वाटत होती. तिनं खुर्चीच्या दांड्या सोडल्या आणि टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, चौदा नंबरच्या बाटलीत चौदा नंबरच्या गोळ्या नव्हत्या."

डॉक्टरबाईंना आधी कळलंच नाही. ताईनं सगळं सांगितलं. कागदातलं ते वाक्य, सोमवारच्या फेऱ्या, चादरींची खोली, बावीस नंबर. कुठेही थांबली नाही, कुठे रडली नाही. 

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी कोरा कागद घेतला आणि विचारून विचारून लिहून घेतलं: कुठल्या शनिवारपासून, किती बाटल्या, दोन्हीतल्या सगळ्या गोळ्या की थोड्या. लिहिताना त्यांचं पेन दोनदा अडखळलं.

"बावीस नंबरच्या गृहस्थांना हे ठाऊक आहे?"

"नाही."

"मला विचारायचं होतंत, मावशी."

"तुम्हालाच माहीत नव्हतं, बाई."

"मला माहीत नव्हतं यालाच तर अर्थ होता!" आता मात्र त्यांचा आवाज चढला. मग त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "त्यांना सांगावं लागेल. वरही कळवावं लागेल. उद्यापासून तुम्ही कामावर येऊ नका."

ताईनं मान हलवली. "आणि डाव्याला गोळी?"

"देणार. गोळीनं त्यांना गुण येत होता. आजपासूनच देणार. आता लपवायचं काय राहिलंय?" त्यांनी सिस्टरला खूण केली. सिस्टर कपाट उघडून शोधायला लागली.

 धाकटा आपल्या मांडीकडे बघत होता, जिथे चादर गुडघ्यापुढे सपाट झाली होती तिथे.

"दुसऱ्या बाटलीपासून?" त्यानं विचारलं.

"हो."

"रोज आठ वाजता तूच द्यायचीस."

"हो."

"मी एकदा नको म्हटलं होतं. तोंड कडू झालंय म्हणून. तू रडलीस."

"मला वाटलं, रे…" ती म्हणाली. काय वाटलं होतं ते त्यालाही कळत होतं. तिला वाटलं होतं की तो वाचावा.

 त्यानं शिवी दिली असती, पेला फेकला असता, तर तिनं ते पदर पसरून घेतलं असतं. लहानपणापासून तो चिडला की असंच काहीतरी फेकायचा आणि घटकाभरात विसरायचा. आज त्यानं नुसती मान फिरवली, खिडकीकडेही नाही, भिंतीकडे. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा हलला नाही, पण तिचा हात तिथे उपरा झाला होता. तिनं तो काढून घेतला.

सिस्टरनं बाटली उघडली आणि एक गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. कोपऱ्यात पाण्याचा तांब्या होता. ताई सवयीनं तिकडे वळली, पेला उचलला, आणि पाणी ओतायला तांब्या वाकवला.

"सिस्टर," धाकटा म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "पाणी तुम्ही द्या."

ताईच्या हातातला पेला सिस्टरनं अलगद घेतला. धाकट्यानं गोळी तोंडात टाकली, दोन घोट पाणी प्यायला आणि गिळली. तो गिळेपर्यंत ताई समोर उभी राहिली. मग ती बाहेर गेली.